न बोलल्याचा मेंढा

किल्ल्यातल्या संग्रहालयात आपल्या घरचं पितळी घंगाळ काचेत ठेवलंय आणि त्याखाली कुकुआचं नाव लिहिलंय, हे आराबाला मंगळवारी बाजारात कळलं. सांगणारी टोमॅटोवाली होती.

"तुझ्या बहिणीचं नाव लागलं गं किल्ल्यात," ती म्हणाली. "आता परदेशातून येणारा प्रत्येक माणूस वाचणार. तुझंही असेल ना खाली कुठेतरी?"

"असेल," आराबा म्हणाली.

तिच्या पुढ्यात धुरी दिलेल्या तारल्यांची टोपली होती. समोरच्या गिऱ्हाइकाला तिने दोन मासे जास्त घातले. चाळीस वर्षांत तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं. गिऱ्हाईक घाईने निघून गेलं.

घंगाळ काही कुकुआच्या बापाचं नव्हतं. ते घराचं होतं. चार माणसांनी धरावं एवढं मोठं, काठावर ठोकून काढलेली नक्षी असलेलं. घरातली मुलगी वयात आली की तिला त्यातच न्हायला घालायचे. कुकुआला घातलं, दोन वर्षांनी आराबाला घातलं. ठेवलेलं असायचं मात्र कुकुआच्या खोलीत, कारण तिची खोली मोठी आणि कोरडी. म्हणून संग्रहालयातली ती एसाबा नावाची शिकलेली मुलगी घरोघर जुन्या वस्तू मागत फिरली, तेव्हा तिची गाठ कुकुआशी पडली. कुकुआने घरचे प्रमुख क्वामेना मामा यांना विचारलं, मामा हो म्हणाले, घंगाळ हातगाडीवर चढलं. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. आराबा तेवढी भट्टीवर मासे उलटत होती.

आराबाला हे नवीन नव्हतं. दोघी सख्ख्या नव्हेत, एकाच घराण्यातल्या बहिणी, पण लहानपणापासून एका अंगणात वाढल्या आणि अंगणात येणारं जे काही चांगलं असेल ते आधी कुकुआकडे जायचं. कुकुआ मागायची नाही, हेच तर दुखणं. मागणारीशी भांडता तरी येतं. होडी किनाऱ्याला लागली की नाखवा पहिली टोपली कुकुआपुढे ठेवायचा. कुकुआचे केंके, म्हणजे कणसाच्या पानात बांधून उकडलेले मक्याचे गोळे, दुपारच्या आत संपायचे आणि शेजारणीचे उरायचे. साधं कापड गुंडाळलं तरी तिच्या अंगावर ते राहायचं, आराबाचं मात्र चालताना सुटायचं. आराबाच्या सख्ख्या मुलीला पहिलं बाळ झालं, तेव्हा ती पंधरा दिवस राहायला गेली ती कुकुआ मावशीकडे. "मावशी ओरडत नाही," असं तिने आईला तोंडावर सांगितलं होतं.

आता मात्र पहिल्यांदा पारडं फिरत होतं. घरची थोरली ईस्टरआधीच्या लेंटच्या उपवासात वारली होती. आमच्याकडे घर आईच्या बाजूने चालतं. पुरुषांत एक प्रमुख असतो आणि बायकांत एक थोरली. लग्न, मयत, भांडण, बाळाचं नाव, यातलं काहीही तिच्या चौकीपुढे, म्हणजे मानाच्या लाकडी आसनापुढे, आल्याशिवाय होत नाही. येत्या शनिवारी त्या चौकीवर नवी थोरली बसवायची होती. नाव कुकुआ आणि आराबा या दोघींचंच पुढे होतं, आणि निवड करायची होती क्वामेना मामांनी. गेल्या रविवारी चर्चमधून येताना मामा काठी टेकत आराबाजवळ थांबले आणि म्हणाले, "तुझं कंबरेचं दुखणं कसं आहे? बराच वेळ बसवतं ना?"

"बसवतं मामा," आराबा म्हणाली.

"मग झालं," मामा म्हणाले आणि पुढे गेले.

मामा उगीच कुणाची कंबर विचारणारे नव्हते. आराबाने त्याच दिवशी पेटीतून चौकीवर बसताना नेसायचं पांढरं कापड काढून उन्हात टाकलं.

आणि आता हे घंगाळ.

गुरुवारी संग्रहालयातल्या नव्या दालनाचं उद्घाटन होतं. ज्या ज्या घरांनी वस्तू दिल्या, त्या घरांना बोलावणं होतं. एसुआनो गावात जन्म घालवूनही आराबा कधी किल्ल्यात गेली नव्हती. त्याच्या भिंतीच्या सावलीत बसून तिने मासे विकले होते, त्याच्या दगडावर जाळी वाळत घातली होती, पण आत जायचं काही कारणच नव्हतं. आत जायचे ते परदेशातून आलेले. ते कोरड्या डोळ्यांनी आत जात आणि रडून बाहेर येत, मग पाणी विकत घेत. गावाला एवढंच ठाऊक होतं.

घरातली अकरा माणसं चढण चढून वर गेली. पुढे मामा, त्यांच्याबरोबर मामांचा धाकटा भाऊ फिफी, मागे बायका. कुकुआने निळ्या ठिपक्यांचं पांढरं कापड नेसलं होतं.

"नवीन घेतलंस?" आराबाने विचारलं.

"नाही गं, जुनंच. पांढऱ्या साबणाने धुतलं."

"आता काय बाई, तुझं नाव लागलंय. जुनंही नवीनच दिसणार."

कुकुआ हसली. "एसाबाने विचारलं कुणाच्या नावाने लिहू, तर मी म्हटलं घराच्या नावाने लिही. ती म्हणाली घराला सही करता येत नाही. मग मी केली."

हे उत्तर इतकं सरळ होतं की आराबाला त्याचाच राग आला.

दारात एसाबा होती, आणि तिच्यामागे समुद्रापलीकडून आलेली पंचवीस-तीस माणसं, काही अमेरिकेची, काही जमैकाची. रंगाने आमच्यासारखीच, पण चालण्यात घाई. एसाबाने आधी सगळ्यांना तळघरात नेलं. खाली वाकून जावं लागायचं. आत उजेडासाठी वरच्या बाजूला हातभर झरोका होता. गुलाम म्हणून विकलेली दोनशे माणसं या एका खोलीत जहाज येईपर्यंत तीन-तीन महिने ठेवत, एसाबा आधी इंग्रजीत आणि मग आमच्या बोलीत म्हणाली. जमीन दगडी वाटते ना, पण ती दगडी नाही, माणसांची घाण वर्षानुवर्षं साचून घट्ट झाली आहे. फिफीने चपला काढून हातात घेतल्या.

आराबाने भिंतीला लावलेला हात काढून घेतला. बाहेर याच भिंतीला टेकून ती डबा खात होती, शेंगदाणे खात होती, हसत होती. पण डोळे अंधाराला सरावले आणि तिला दिसलं, जमैकाची ती जाडजूड म्हातारी, मिसेस पिनॉक नावाची, कुकुआचा दंड धरून उभी होती. एवढ्या माणसांत अंधारात चाचपून तिच्या हाताला लागला तो दंड कुकुआचाच. आराबा दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिला कुणी धरलं नव्हतं.

मग सगळे वर नव्या दालनात आले. भिंती पांढऱ्या, खिडकीतून समुद्राचा वारा. एका बाजूला बेड्या, एका बाजूला काचेची मण्यांची माळ, आणि मधोमध काचेत घंगाळ. घासूनपुसून असं चमकत होतं की आपल्या घरचं वाटेना. आराबा पन्नाशीत चर्चच्या वर्गात अक्षरं शिकली होती. तिने काचेवर बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. कु. कु. आ. पुढे घराचं नाव, गावाचं नाव.

"आजी, काचेला हात नको," राखणदार म्हणाला.

"माझ्याच घरचं आहे ते."

"असू द्या. डाग पडतो."

एसाबा घंगाळाजवळ उभी राहून सांगू लागली. अशी घंगाळं जहाजांतून यायची. कापड, दारू, बंदुका आणि पितळेची भांडी. हे सगळं इथे उतरायचं आणि त्याच्या बदल्यात इथून माणसं चढायची. किनाऱ्यावरच्या घराघरांत जे जुनं पितळ दिसतं, त्यातलं बरंच असं आलेलं आहे. तिने आवाज चढवला नाही, कुणाकडे बोट दाखवलं नाही. पण पाहुणे घंगाळाकडे बघत होते ते आता आमच्या अकरा जणांकडे बघू लागले. मामांनी काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले आणि समुद्राकडे पाहिलं.

"घरच्या कुणाला काही सांगायचंय?" एसाबाने विचारलं.

कुकुआ पुढे झाली. कुणी ढकललं नव्हतं आणि कुणी अडवलंही नाही.

"मी वयात आले तेव्हा मला यात न्हायला घातलं," ती म्हणाली. "पाणी थंड होतं आणि मी ओरडले. माझ्या या बहिणीला घातलं तेव्हा ती ओरडली नाही, ती माझ्याहून धीट. हे घरात कशाच्या बदल्यात आलं ते मला आज कळलं. आता त्याच्याकडे आधीसारखं बघवत नाही. आमच्या लोकांनी तुमची माणसं दिली असतील. मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. आज तुमच्यासमोर उभी राहायला मला लाज वाटतेय."

एसाबाने ते इंग्रजीत सांगितलं. कुणीतरी नाक ओढलं. मिसेस पिनॉक पुढे आली आणि तिने कुकुआचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. मग दुसरी आली, मग एक उंच म्हातारा. आराबा बघत राहिली. ही बाई लाज वाटते म्हणते, तरी लोक तिच्याच गळ्यात पडतात. आपण कुणाची क्षमा मागितली असती तर लोकांनी म्हटलं असतं, बघा, कबूल झाली.

आणि वर ते 'धीट' म्हणणं. जाता जाता आपल्यालाही तुकडा टाकल्यासारखं.

"आणखी कुणाला?" एसाबाने विचारलं.

आराबाजवळ एक गोष्ट होती. आईने मरताना दिलेली. आमच्याकडे एक नियम आहे, तो कायद्याहून जुना आहे. कोण कुठून आला हे बोलायचं नाही. माणूस विकत घेतलेला असो, युद्धात धरलेला असो, एकदा घरचं जेवला, घरच्या मातीत गेला की तो घरचा आणि त्याची मुलंबाळं घरची. त्यांच्या मुळाविषयी चारचौघांत तोंड उघडणाऱ्याला मेंढा आणि दारूच्या दोन बाटल्या असा दंड आहे, आणि दंडाहून वाईट म्हणजे गाव त्याच्या ताटात जेवत नाही. आराबाच्या आईने तेव्हा तिचा कान तोंडाशी ओढून सांगितलं होतं, की कुकुआची पणजी आमा कूमा या घरात जन्मली नव्हती. तिला उत्तरेकडून आणलं होतं, मिठाच्या पोत्यांच्या बदल्यात विकत घेतलं होतं. "ठेव तुझ्याजवळ," आई म्हणाली होती. "बोलू नकोस. नुसतं असू दे." एकतीस वर्षं आराबाने ते नुसतं असू दिलं होतं. कुकुआपुढे पहिली टोपली आली की ती मनात ते हाताने चाचपून बघायची, कमरेला खोचलेल्या पैशांसारखं, आणि तिला बरं वाटायचं.

ती पुढे गेली तेव्हा तिच्या मनात आपल्या आजीविषयी बोलायचं होतं. आजी वाळू आणि लिंबाने घंगाळ कसं घासायची, एवढंच. पण समोर कुकुआ उभी होती, आणि मिसेस पिनॉकने अजून तिचा हात सोडला नव्हता.

"आमच्या घराने माणसं दिली असतील तर घेतलीही," आराबा म्हणाली. "सगळं सांगायचंय ना इथे? मग ऐका. या कुकुआची पणजी आमच्या घरात विकत आणलेली. मिठावर. माझी पणजी तिची मालकीण."

एसाबा याच गावची पोर, तिला नियम ठाऊक होता. ती इंग्रजीत काही बोलेना. पाहुणे तिच्या तोंडाकडे बघत राहिले. एकाने विचारलं, ही आजी काय म्हणाली?

"तिला उकडतंय म्हणाली," मामांनी मोडक्या इंग्रजीत उत्तर दिलं.

आराबाने कुकुआकडे पाहिलं. तिला वाटलं होतं कुकुआची मान खाली जाईल, कापड सावरेल, दाराकडे वळेल. कुकुआ तशीच उभी होती. तिचा चेहरा जरा पांढरा पडला होता, एवढंच.

"सांग त्यांना, एसाबा," ती म्हणाली. "बोलून झालंय. आता अर्धंच ठेवू नको."

एसाबाने सांगितलं.

मग जे झालं ते आराबाने स्वप्नातही आणलं नव्हतं. मिसेस पिनॉकच्या तोंडून कण्हल्यासारखा आवाज आला आणि तिने कुकुआला पोटाशी धरलं, मघाच्यासारखं पाहुण्याने घरच्याला धरावं तसं नाही, मयतात बहिणीने बहिणीला धरावं तसं. पाठोपाठ सगळेच आले. त्यांनी कुकुआला मध्ये घेतलं. कुणी तिच्या खांद्यावर कपाळ टेकलं. कुणी आपल्या आजीचं नाव घेतलं, कुणी नुसतंच रडलं. त्यांना या किनाऱ्यावर येऊन चार दिवस झाले होते, आणि आपलं म्हणावं असं माणूस त्यांना आत्ता सापडलं होतं.

बारीक वेण्या घातलेली एक तरुण मुलगी मात्र आराबाकडे आली. तिने एसाबाला काही विचारलं.

"ती विचारतेय," एसाबा खाली बघत म्हणाली, "तुम्ही विकत घेणाऱ्यांच्या वंशातल्या का?"

हेच तर आराबा आत्ता सगळ्यांसमोर सांगून बसली होती. "हो," ती म्हणाली.

मुलीने मान हलवली आणि ती दोन पावलं मागे सरकली. रागाने नाही. भिंतीला ओला रंग असला की माणूस कपडे सांभाळत सरकतं तशी. घरच्या अंगणात मनातल्या मनात घोळवताना 'मालकीण' हा शब्द किती भारदस्त वाटायचा. इथे त्याला तळघराचा वास येत होता. आणि त्या वासातही आराबाच्या मनात आलं ते एवढंच, की मिठावर विकत आणलेली ती बाई माझी पणजी का नव्हती. तीसुद्धा कुकुआचीच निघावी.

शुक्रवारी मामांनी घर गोळा केलं. अंगणात आंब्याखाली बाकं मांडली. आराबा एकटी समोरच्या बाकावर. कुकुआ आली नव्हती. तिला बोलावलंच नव्हतं.

"काल आपण किल्ल्यात गेलो होतो," मामा म्हणाले. "तिथे कुणी काही बोललं का? फिफी?"

"मी चपला शोधत होतो," फिफी म्हणाला. "हातातच होत्या, पण ध्यानात आलं नाही."

"बरं. तू गं?"

"वारा फार होता, मामा."

"तू?"

"माझा डावा कान गेलाय, ठाऊक आहे ना तुम्हाला."

"आणि उजवा?"

"तो समुद्राकडे होता."

असं करत मामांनी आठही जणांना विचारलं. कुणीच काही ऐकलं नव्हतं. शेवटी ते आराबाकडे वळले.

"तू काही बोललीस?"

"मी..."

"नीट आठवून सांग. घाई नाही."

"नाही बोलले, मामा."

"शाबास. मग उद्या सकाळपर्यंत एक मेंढा आण आणि दोन बाटल्या. नर आण, पांढरा असला तर बरं."

"बोललेच नाही, तर मेंढा कशाचा?"

"न बोलल्याचाच," मामा म्हणाले. "बोलली असतीस तर मेंढ्याने भागलं असतं का?"

फिफीला हसू आलं आणि ते लपवायला तो खोकला. लोक पांगले. मामा उठले नाहीत. त्यांनी आराबाला जवळ बसायला सांगितलं.

"मी तुलाच बसवणार होतो," ते म्हणाले. "कुकुआ चांगली आहे, पण तिला ओरडता येत नाही. या घराला ओरडणारं कुणीतरी लागतं. पोरं दारू पितात, पोरी शाळा सोडतात. तू ओरडलीस की तिसऱ्या गल्लीत ऐकू जातं. मी माझ्या बायकोलासुद्धा सांगितलं होतं."

"मग, मामा?"

"मग काय. उद्या तुला बसवलं की गाव विचारणार, कुकुआला का नाही? कुकुआ मोठी, वागायला चांगली, मग का नाही? आणि उत्तर गावाकडेच असणार. काल तूच दिलंस. तिला डावललं तर आम्ही ऐकलं असं होईल. आणि आम्ही तर ऐकलेलं नाही." मामांनी काठी उचलली. "परवापर्यंत मला निवड होती, पोरी. आता नाही. तिला चौकीवर तू बसवलंस."

शनिवारी सकाळी मेंढा आला, पांढराच. त्याच्या रक्ताचा थेंब चौकीच्या पायांना लावला, बाटल्यांतली दारू जमिनीला पाजली, आणि कुकुआला तीन वेळा टेकवून तिसऱ्या वेळी बसवलं. तिचे केस कापले होते, खांद्यावर पांढरी माती लावली होती. नेसवलेलं पांढरं कापड तिच्या अंगावर राहिलं. आराबाला वाटलं, निदान आज तरी सुटावं. नाही सुटलं. तिने इतर बायकांबरोबर टाळ्या वाजवल्या. आपल्याच पैशाच्या मेंढ्याचं मटण तिने खाल्लं आणि ते चांगलं शिजलं होतं, हेही तिला सहन झालं नाही.

सोमवारी दुपारी आराबा भट्टीवर होती. तारल्यांच्या जाळ्या एकावर एक रचलेल्या, खालून ओल्या लाकडाचा धूर. कुकुआ आली. थोरलीने कुणाच्या भट्टीवर जायचं नसतं, लोकांनी तिच्याकडे यायचं असतं. तरी आली आणि उलट्या ठेवलेल्या टोपलीवर बसली.

"बोलवायचंस की नुसतं," आराबा म्हणाली. "निरोप धाडायचा. आता तुझे पाय दुखतील, मग मलाच बोल लागेल."

"मला काही विचारायचंय."

"विचार. मी काही बोललेली नाही. मेंढाही दिला."

"चांगला होता मेंढा."

"होताच. निवडून आणला."

कुकुआने वरची जाळी उचलली आणि खालची वर घेतली. तिला न विचारता जमायचं. "माझ्या आईने मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "विसाव्या वर्षीच. पणजी विकत आणलेली, मिठावर. सगळं."

आराबाचा हात थांबला. "तुला ठाऊक होतं?"

"होतं."

एकतीस वर्षं ती जे कमरेला खोचून फिरत होती, ते समोरच्या बाईकडे तिच्या आधीपासून होतं. आराबा खाली बसली. "मग किल्ल्यात एवढी पांढरी का पडलीस?"

"तू बोललीस म्हणून. दुसऱ्या कुणाचं एवढं लागलं नसतं."

आराबाने एक मासा उगीच उलटला.

"आईला एक गोष्ट माहीत नव्हती," कुकुआ म्हणाली. "आमा कूमा हे नाव आपल्या घराने ठेवलेलं. तिचं स्वतःचं नाव काय होतं? आई म्हणायची, पणजी मरताना एकटी तुझी आजी तिच्याजवळ होती. गुरुवारी त्या लोकांनी विचारलं, तुझ्या पणजीचं नाव काय. प्रत्येकाने विचारलं. मला सांगता आलं नाही."

आराबाला नाव ठाऊक होतं. आईने कान ओढून तेही सांगितलं होतं, आजीकडून आलेलं. मरणारी बाई आपल्याच नावाने स्वतःला हाका मारत होती, म्हणून ते कळलं. आराबाने आजवर त्या नावाला किंमत दिली नव्हती. आता पहिल्यांदा तिला कळलं, कुकुआकडे नाही असं या जगात काहीतरी आहे आणि ते आपल्याकडे आहे. चौकीवर बसलेली बाई मासळीच्या धुरात डोळे चोळत ते मागायला आली आहे.

नाही म्हणता आलं असतं. आई नाव बोलली नाही, म्हटलं की झालं. कुकुआ उठून गेली असती, आणि मरेपर्यंत दर अमावास्येला, दर मयताला पूर्वजांची नावं घेताना त्या एका जागी अडखळली असती. आराबाने तो अडखळण्याचा आवाज मनात ऐकून पाहिला. गोड होता. फार गोड होता. तिने आणखी एक लाकूड आत सारलं.

"आज नसेल आठवत तर उद्या येईन," कुकुआ म्हणाली.

"उद्या येशील?"

"येईन. परवाही येईन."

ती खरंच आली असती. न रागावता, रोज, त्याच टोपलीवर. आणि रोज आराबाला तो चेहरा बघावा लागला असता, मागतानाही न वाकणारा.

"आसिबी," आराबा म्हणाली. "आसिबी होतं नाव. कुठल्या गावची ते ठाऊक नाही. उत्तरेची."

कुकुआने ते नाव हळू उच्चारलं, एकदा, दोनदा, जिभेवर गरम घास फिरवावा तसं. तिचा चेहरा बदलला. आराबाने तो चेहरा सदुसष्ट वर्षांत पाहिला नव्हता, आणि तिला वाटलं, हाही आता हिचाच.

"आणखी काही म्हणायची का गं ती?"

"नाही. तेवढंच. पुन्हा पुन्हा तेवढंच."

कुकुआ उठली. तिने आराबाच्या डोक्यावर हात ठेवला, थोरली ठेवते तसा, आणि मग हात तसाच गालापर्यंत खाली आणला, तसा थोरली ठेवत नाही. मग ती पायवाटेने नाव पुटपुटत गेली.

ती वळणाआड जाईपर्यंत आराबा बघत राहिली. द्यायला नको होतं, असं तिला लगेच वाटलं. मागे हाक मारावी, खोटं सांगितलं म्हणावं, असंही वाटलं. तिने तोंड उघडलं आणि धूर आत गेला, म्हणून ती नुसती खोकली.